ख्रिस्ती उपासनेतील खरेपणा

म्हैसूर शहरात कुवेंपुनगर या नावाची एक विस्तीर्ण वसाहत आहे. कन्नड भाषेचे महाकवी कुप्पळ्ळी वेंकटप्पा पुट्टप्पा (१९०४-१९९४) हे आपल्या नावाच्या आद्याक्षरांवरून 'कुवेंपु' म्हणून ओळखले जात. त्यांचेच नाव या वसाहतीला देण्यात आले आहे. म्हैसुरात शिकत असताना पुट्टप्पा कविता रचू लागले ते इंग्रजीत. १९२४ साली जेम्स कझिन्स हे आयरिश कवी म्हैसुरास आले असता या तरुणाने आपली इंग्रजी कवने मोठ्या अपेक्षेने त्यांना दाखविली. कझिन्स यांनी ती पाहिली आणि विचारले की, तुमच्या स्वतःच्या भाषेत तुम्ही काही लिहिले आहे काय? तरुण कवीला तो प्रश्न तेव्हा फारसा रुचला नाही. तथापि त्या प्रश्नाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. ते कन्नडकडे वळले, पुढे 'श्रीरामायण दर्शनम्' हे महाकाव्य त्यांच्या हातून झाले आणि १९६७ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराचे ते मानकरी ठरले.

कझिन्स यांचा प्रश्न केवळ काव्यापुरता मर्यादित नाही. मनुष्य देवापुढे उभा राहतो तेव्हाही तो विचारता येतो. जे शब्द ओठांवर आहेत ते स्वतःचे आहेत की दुसऱ्याचे? ख्रिस्ती उपासनेच्या बाबतीत हा प्रश्न भारतात गेली चार शतके निरनिराळ्या रूपांत उभा राहिला आहे, आणि त्याचे एक महत्त्वाचे उत्तर शोधले गेले ते याच म्हैसुरात. कुवेंपु १९५६ ते १९६० या काळात म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. विद्यापीठाच्या नव्या परिसराला 'मानसगंगोत्री' हे सुंदर नाव त्यांनीच दिले. त्याच मानसगंगोत्रीत पुढे ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला व फादर डी. एस. अमलोरपवदास (१९३२-१९९०) हे त्याचे पहिले प्रमुख झाले. भारतीय मनुष्याने भारतीय रीतीने ख्रिस्ताची उपासना करावी, हा या धर्मगुरूंचा आयुष्यभराचा ध्यास होता. चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी 'अंजली आश्रम' उभारला तो याच ध्यासातून.

उपासना म्हणजे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. शब्दाचा मूळ अर्थ 'जवळ बसणे' असा आहे. ख्रिस्ती मंडळी रविवारी एकत्र येते, आपल्या दोषांची कबुली देते, शास्त्रपाठ ऐकते, स्तुतीची गीते गाते, जगासाठी मागणे मागते आणि प्रभुभोजनाच्या विधीत एकाच भाकरीचे वाटेकरी होते. पंथापंथांत तपशिलाचे भेद पुष्कळ आहेत. परंतु हा सांगाडा बहुतेक ठिकाणी ओळखू येतो. सांगाडा असला म्हणजे देह जिवंत आहे असे मात्र नव्हे. अभ्यासाने जीभ सैल होते, गुडघे आपोआप टेकतात, आणि मन बाजारातल्या देण्याघेण्यात गुंतलेले राहते. हा अनुभव कोणत्याही एका धर्माचा नाही. टाळ कुटून घसा बसला तरी अंतरी भाव नसेल तर काय उपयोग, असे महाराष्ट्राच्या संतांनी वारंवार बजावले आहे. इस्राएलच्या संदेष्ट्यांचा सूर असाच होता. आमोसाने तर आपल्या काळच्या धनिकांना स्पष्ट सुनावले की, गरिबाला लुबाडून केलेले उत्सव आणि गायिलेली स्तोत्रे देवाला नकोशी झाली आहेत.

या बाबतीत येशूचे शिक्षण दोन प्रसंगांत एकवटले आहे. पहिला प्रसंग विहिरीवरचा. यहुदी लोक शोमरोनी लोकांच्या भांड्यांना शिवत नसत. अशा एका शोमरोनी स्त्रीजवळ येशूने प्यावयास पाणी मागितले. बोलता बोलता तिने विचारले की, देवाची उपासना आमच्या डोंगरावर करावी की तुमच्या यरुशलेमात? येशूचे उत्तर असे की, देव आत्मा आहे, तेव्हा स्थळाचा वाद व्यर्थ आहे. उपासकाचे अंतर्याम जागे हवे आणि त्यात खोट नको. पाणवठ्याचा विटाळ ज्या समाजाने शतकानुशतके पाळला, त्या समाजाला या कथेचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. दुसरा प्रसंग डोंगरावरील प्रवचनातला. वेदीवर अर्पण वाहण्यासाठी आलेल्या मनुष्याला आठवले की, भावाचे मन आपल्याविषयी दुखावलेले आहे. तर त्याने अर्पण तेथेच ठेवावे, प्रथम जाऊन भावाशी समेट करावा आणि मग परत यावे. येथे विधी रद्द केलेला नाही, त्याला थांबवून धरले आहे. शेजाऱ्याशी असलेले नाते नीट केल्यावाचून देवाशी असलेले नाते पुरे होत नाही, हा त्यातला आशय.

महाराष्ट्र आणि गोमंतक यांच्या ख्रिस्ती इतिहासात या शिक्षणाची कसोटी प्रथम भाषेवर लागली. फादर थॉमस स्टीफन्स (१५४९-१६१९) हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणश्रवणाची ओढ त्यांनी जाणली. पुराण गेले, पण पुराणाची गोडी मनातून गेली नव्हती. तेव्हा त्यांनी बायबलमधील कथा ओवीछंदात, मराठीत, सुमारे अकरा हजार ओव्यांत रचल्या. १६१६ साली राशोल येथे छापलेले 'क्रिस्तपुराण' ते हेच. परकीय धर्मगुरूने येथल्या भाषेचे वैभव ओळखून तिच्यात गावे, ही घटना साधी नव्हे. परंतु ज्या राजसत्तेच्या छायेत हे घडले तिचा स्वभाव निराळा होता. १६८४ साली पोर्तुगीज शासनाने हुकूम काढून गोव्यातील लोकभाषेच्या वापरावर बंदी घातली आणि तीन वर्षांत सर्वांनी पोर्तुगीज बोलावे असे फर्माविले. माणसे घरात आपलीच भाषा बोलत राहिली. देवळातले आणि दरबारातले शब्द मात्र परके राहिले. जुलमाने लादलेल्या रूपात उपासना खरी कशी व्हावी? दडपणाखाली जोडलेले हात बाहेरून हुबेहूब दिसतात, पण त्यांच्यामागे मन आहे की नाही हे कोण सांगणार?

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचे कार्य प्रथम मुंबईत आणि १८३१ पासून अहमदनगर येथे सुरू झाले. मिशनऱ्यांनी मराठी शिकण्यात कसूर केली नाही. त्यांनी शाळा काढल्या, १८४२ साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केले. गाण्याच्या बाबतीत मात्र अडचण होती. पाश्चात्त्य चालींवर इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरे बसविली जात. इंग्रजी चाल शब्दावरील आघातावर चालते, मराठी पद्य लघुगुरूंच्या व मात्रांच्या मापाने चालते. त्यामुळे जेथे ऱ्हस्व अक्षर झटकन पुढे जावयाचे तेथे सूर लांबे, आणि जेथे दीर्घ अक्षर रेंगाळावयाचे तेथे ते आखूड होई. शब्द मराठी असूनही कानाला ओळखीचे वाटत नसत. गाणाऱ्याचे सारे लक्ष चाल सांभाळण्याकडे. अर्थ मागे राही. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळे यांनी या कोंडीतून एक वाट काढली. खेड्यापाड्यांतला श्रोता रात्र रात्र कीर्तन ऐकत बसतो हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी पूर्वरंग आणि आख्यान यांचा तो जुना साज घेतला व ख्रिस्तचरित्रातील प्रसंग त्यात गायिले.

ही वाट राजरस्ता झाली ती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्यामुळे. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे त्यांचा जन्म झाला. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार भेट दिला. डोंगरावरील प्रवचन वाचून ते हलून गेले व १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी धर्म बदलला, तुकोबा सोडले नाहीत. किंबहुना तुकारामांच्या अभंगांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणून पोहोचविले, असे ते मोकळेपणाने सांगत. त्यांनी शेकडो पदे आणि अभंग लिहिले. त्यांत ख्रिस्त गुरू होऊन येतो, माउली होऊन येतो. भक्त त्याच्याशी भांडतो, रुसतो, शरण जातो. 'उपासना संगीत' या मराठी गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे आणि मराठी मंडळ्यांतून त्या आजही गायिल्या जातात. टिळकांनी केवळ चाली बदलल्या असे समजणे चुकीचे होईल. भाषांतरित गीतात मनुष्य दुसऱ्याच्या अनुभवाला होकार देत होता. अभंगात तो स्वतःचा अनुभव सांगू लागला.

तथापि खरेपणाची कसोटी गीताबरोबर संपत नाही हे टिळकांच्या घरातच दिसून आले. त्यांच्या धर्मांतरानंतर पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पतीच्या मागोमाग जाऊन त्यांनी नवा धर्म पत्करला असता तर लोकरीतीला ते धरूनच झाले असते. लक्ष्मीबाईंनी तसे केले नाही. पुढे पतीजवळ राहावयास आल्यावरही त्यांचे सोवळे-ओवळे निराळे होते. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्रात या मनोयुद्धाचे वर्णन आहे. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, हे त्यांना एके दिवशी आतून पटले आणि त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास आरंभ केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. प्रथम पेला ओठाला लागला, मग पाणी मस्तकावर पडले. हा क्रम विचार करण्यासारखा आहे. विहिरीवरच्या त्या कथेची ही मराठी आवृत्ती म्हणावयास हरकत नाही.

पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांनी त्याच सुमारास निराळ्या मार्गाने हाच शोध चालविला होता. १८९६-९७ च्या दुष्काळात अनाथ झालेल्या मुली व टाकलेल्या विधवा त्यांनी गोळा करून आणल्या आणि 'मुक्तिसदना'त त्यांना आसरा दिला. तेथे शेती होती, विणकाम होते, शाळा होती, छापखाना होता. आणि या साऱ्यांच्या बरोबरीने प्रार्थना होती. रमाबाई स्वतः संस्कृतच्या पंडिता. तरीही प्रचलित बायबलातील संस्कृतप्रचुर मराठी या मुलींना कळत नाही हे पाहून त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि मूळ ग्रंथांवरून सोप्या मराठीत संपूर्ण बायबल उतरविले. ते जुळविण्याचे व छापण्याचे कामही आश्रमातील स्त्रियांनीच केले. मृत्यूच्या थोडे आधीपर्यंत त्यांचे हे काम चालू होते. पांडित्य खाली ठेवून दळणकांडणाच्या भाषेत देवाचे वचन आणावयाचे, यात विद्वत्तेचा त्याग आहे. तोही उपासनेचाच एक प्रकार समजला पाहिजे.

रोमन कॅथलिक समाजात हे परिवर्तन पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले. वसईचे उदाहरण घ्यावे. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये मराठ्यांनी ती जिंकली. परंतु राज्य कोणाचेही असो, चर्चमधील मिस्सा लॅटिनमध्येच होत राहिली. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून लॅटिन म्हणत आणि घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलणारे भाविक आपापली जपमाळ ओढीत. त्यांची श्रद्धा खोटी नव्हती. भाषा न कळताही माणसे अश्रू ढाळून प्रार्थना करीत. पण समजून घेण्याचा जो आनंद, त्याला ती पारखी राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविषयक दस्तऐवज मंजूर केला व लोकभाषांना वाट मोकळी झाली. त्यानंतर १९६९ साली भारतीय बिशपांच्या विनंतीवरून रोमने बारा गोष्टींना संमती दिली. पादत्राणे काढून जमिनीवर बसणे, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकणे, पंचांग प्रणाम, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, आरती, धर्मगुरूच्या खांद्यावर शाल, अशा त्या गोष्टी होत्या. फादर अमलोरपवदास यांच्या नेतृत्वाखाली १९६७ मध्ये बंगळुरूस निघालेल्या राष्ट्रीय केंद्राने या कार्यात पुढाकार घेतला. म्हैसुरातील आश्रम ही त्याच वाटचालीतील पुढची पायरी होती.

या प्रयोगांना विरोध झाला, आणि तो दोन बाजूंनी झाला. काही जुन्या वळणाच्या कॅथलिकांना वाटले की, आरती आणि प्रणाम यांनी ख्रिस्ती धर्माचे वेगळेपण पुसले जाईल. दुसरा आक्षेप अधिक खोल होता. संस्कृत मंत्र, आश्रम, भगवी वस्त्रे यांनाच 'भारतीय' का म्हणावे? बहुसंख्य भारतीय ख्रिस्ती लोकांच्या पूर्वजांना तर त्या मंत्रांपासून आणि मंदिरांपासून दूरच ठेवण्यात आले होते. १९८१ साली अरविंद निर्मळ यांनी बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात ख्रिस्ती विचाराची मांडणी तळातल्या माणसाच्या दुःखापासून करावी असे प्रतिपादन केले, आणि पुढे दलित ईशज्ञान म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रवाहाला चालना मिळाली. या प्रवाहाने ढोलाचा नाद आणि श्रमाची गाणी यांचा अधिकार सांगितला. हा आक्षेप रास्त आहे. एकाची मातृभाषा दुसऱ्याला परकी असू शकते. म्हणून 'आपले रूप' म्हणताना त्यातले 'आपण' कोण, हे पुनःपुन्हा विचारावे लागते. इंग्रजी चालीच्या जागी अभिजात राग आणला आणि पाठीमागच्या ओळीत बसलेली शेतमजूर बाई पूर्वीइतकीच मुकी राहिली, तर साधले काय?

रूप कोणतेही असो, ख्रिस्ती उपासनेत एक वस्तू अशी आहे की जी सर्व रूपांची झडती घेते. ती म्हणजे प्रभुभोजनाची एक भाकरी. तमिळनाडूतील वडक्कनकुळम येथे चर्चच्या आत जातीजातींना वेगळे बसविणारी भिंत होती. एकच वेदी, एकच धर्मगुरू, एकच मिस्सा, आणि मध्ये भिंत. ती १९१० साली पाडण्यात आली. त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना स्तोत्रे सुरेल गायिली गेली असतील, शब्दही सर्वांना कळत असतील. पण एका भाकरीचा अर्थ भिंतीने खोटा ठरविला होता. भाषा आपली झाली, संगीत आपले झाले, आणि शेजारी मात्र परका राहिला, तर उपासना अपुरीच राहते.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांच्या जीवनात या साऱ्या धाग्यांची गुंफण दिसते. त्यांचा 'सुबोध बायबल' हा मराठी अनुवाद २०१० मध्ये प्रसिद्ध झाला व त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. २०२० साली उस्मानाबाद येथे, म्हणजे आजच्या धाराशिवात, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. परंतु वसईकरांच्या स्मरणात ते आणखी एका कारणाने राहिले आहेत. वसईच्या वाड्या, विहिरी आणि हिरवाई यांवर अनिर्बंध बांधकामाचे व त्यामागच्या दहशतीचे संकट आले, तेव्हा हे धर्मगुरू 'हरित वसई'च्या चळवळीत सर्व धर्मांच्या लोकांबरोबर रस्त्यावर उभे राहिले. वेदीवर ज्या भाकरीसाठी आणि द्राक्षरसासाठी सृष्टिकर्त्याचे आभार मानावयाचे, ती भाकरी देणारी माती विकली जात असताना मंदिरात स्वस्थ बसणे त्यांना मानवले नाही.

मग साध्या भाविकाने करावे काय? पूर्वसूरींच्या अनुभवातून काही गोष्टी सहज निघतात. उपासनेस जाण्यापूर्वी दिवसाचा शास्त्रपाठ घरी वाचावा, म्हणजे तो कानावरून वाहून जात नाही. गीताचा अर्थ उमजून गावे. न उमजल्यास विचारण्यास लाजू नये. ठरावीक प्रार्थनेच्या आधी घटकाभर मौन पाळावे, कारण पाठ असलेले शब्द मनाला फार लवकर मागे टाकतात. ठरावीक शब्दांचा तिरस्कारही करू नये. दुःखाने वाचा बसते तेव्हा लहानपणी पाठ केलेली प्रार्थनाच मदतीस येते. आणि उंबरठा ओलांडण्यापूर्वी कोणाशी अबोला आहे काय, कोणाची मजुरी थकली आहे काय, याची आठवण करावी. असेल तर पाऊल मागे वळविणे हाच त्या दिवशीच्या उपासनेचा आरंभ समजावा.

वसईचे लोक ज्या विधीला मिस्सा म्हणतात, त्या शब्दाचे मूळ लॅटिनमधील 'पाठवणी' या अर्थाच्या शब्दात आहे. विधी संपला, आता जा, असे सांगून जनांना निरोप देण्यात येई. त्या निरोपाच्या शब्दावरूनच साऱ्या विधीला नाव पडले. 'उपासना' म्हणजे जवळ बसणे आणि 'मिस्सा' म्हणजे पाठविले जाणे. एक शब्द संस्कृतातून आला, दुसरा लॅटिनमधून; मराठी ख्रिस्ती मनुष्याच्या तोंडी ते शेजारी शेजारी नांदतात. जो खरोखर जवळ बसला असेल तो उठून बाहेर पडताना रिकामा जाणार नाही, आणि बाहेर त्याची वाट पाहणाऱ्या शेजाऱ्याला ते प्रथम कळेल.